निळ्या फोमाचं रण

कादरचं मागणं एकच होतं. बंगला नको, गाडी नको, हजला जाणंसुद्धा पुढं केव्हातरी बघू. शाहरुखच्या पाठीवरचा पंप उतरला पाहिजे, बस, एवढंच. सोनाळ्याच्या मशिदीत दुवेला हात उचलले की दर वेळी तेवढंच तोंडात यायचं. आणि नमाज पढून बाहेर आलं की समोरच्या रस्त्यानं पोरगं पंप घेऊन शेताकडं निघालेलं दिसायचं. आता याला माणसानं काय म्हणावं?

पंप म्हणजे फवारणीचा, पाठीवर अडकवायचा. एका हातानं दांडा मारायचा, दुसऱ्या हातात नळी धरायची, आणि छातीएवढ्या कपाशीत शिरून तासामागून तास चालत राहायचं. बीटी बियाणं आलं तेव्हा सांगितलं होतं की आता बोंडअळीची चिंता मिटली. अळीला ते कुणी सांगितलं नसावं. यंदाही गुलाबी अळी बोंडात शिरली, फुलं न उमलता मिटूनच राहिली, त्यांच्या डोमकळ्या झाल्या, आणि सारा संग्रामपूर तालुका औषधाच्या दुकानापुढं रांगेत उभा राहिला. एक औषध लागू पडेना म्हणून दोन मिसळायची, दोन पडेनात म्हणून तीन. मागल्या वर्षी तिकडं यवतमाळकडं फवारता फवारता माणसं मेली, ते टीव्हीवर दाखवत होते. कादरची बायको नूरजहां हिनं तेव्हा टीव्हीच बंद केला होता. दुसऱ्याच्या पोरांचं बघवत नाही म्हणाली होती. यंदा तिचाच पोरगा त्या फवाऱ्यात चालत होता.

बरं, शाहरुख काही फवारणीवाला नव्हता. तो तारेचा कारागीर. कादरला सोनाळ्यापासून खामगावापर्यंत थर्माकोलवाला कादरभाई म्हणूनच लोक ओळखत. गणपतीचं मखर कापावं ते त्यानं, मोहरममध्ये ताजियाची जाळी कापावी ती त्यानं, एकाच तापल्या तारेवर, एकाच खोलीत. मंडळवाले देखावा सांगायचे, कधी समुद्रमंथन, कधी किल्ला, कधी चांद्रयान, आणि कादर म्हणायचा, "होऊन जाईन भाऊ, चहा तं घ्या." शाहरुखचा हात बापापेक्षा चढ होता. हे कादर स्वतःच सगळ्यांना सांगायचा, म्हणजे त्यात खोटं काही नसणार.

मग थर्माकोलवर बंदी आली. चुकीची आली असं कादर म्हणत नव्हता. नाल्यात अडकलेल्या पांढऱ्या चुऱ्याचे ढीग त्यानंही पाहिले होते. पण बंदी घालणाऱ्यानं एकदा इकडं यावं, या खोलीत बसावं आणि सांगावं की बाबा रे, आता तुझ्या पोरानं उद्यापासून हे कर. ते कोण सांगतो? कापडाचं, कागदाचं मखर करू म्हटलं तर मंडळांकडं वर्गणी नाही. ज्यांच्या कपाशीत अळी, ते वर्गणी कुठून देणार? खोलीला कुलूप लागलं. शाहरुखनं आठ-पंधरा दिवस वाट पाहिली आणि एका सकाळी पंप घेऊन आला.

"काऊन रे?" कादरनं विचारलं.

"रंगरावभाऊचं सारं वावर उक्तं घेतलं फवारायले," शाहरुख म्हणाला. "बसून काय करू अब्बा?"

रंगराव म्हणजे गावचा जुना शेतकरी, कादरच्या बरोबरीचा, वाईट माणूस मुळीच नाही. त्याच्याही डोक्यावर केस राहिले नव्हते त्या अळीपायी. त्याला फवारायला माणूस पाहिजे होता आणि याला काम.

तेव्हापासून घरात एक वास आला. शाहरुख दारात आला की आधी वास यायचा, मग तो. डोळे लाल, बोलणं थोडं जड. नूरजहां ताक पुढं करायची, तो अर्धं प्यायचा आणि कधी कधी तेही मोरीत जाऊन ओकून यायचा. "उन्हानं होते," म्हणायचा. कार्तिकाच्या तोंडावर कुठलं आलं एवढं ऊन? पण आई काही बोलायची नाही, बाप काही बोलायचा नाही. बोलून काय करणार होते, हातात दुसरं काही होतं का?

अशात गार्गी आली.

गार्गी ही पद्मजाबाईंची मुलगी. बाई सोनाळ्याच्या शाळेत मास्तरीण होत्या, आता खामगावला राहतात. ही पोरगी लहानपणी शाळा सुटली की कादरच्या खोलीत येऊन बसायची आणि थर्माकोलचे तुकडे फ्रॉकमध्ये भरून न्यायची. आता पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. सुट्टीत आईकडं आली तशी चाचाला भेटायला सोनाळ्याला आली, आणि खोलीला कुलूप बघून तिचा चेहरा पडला.

"चाचा, माझं एक काम कराल का?" तिनं मोबाइल काढला. "हे बघा."

मोबाइलवर एक मोठं टेबल होतं. टेबलावर टेकड्या, नदी, पूल, पडकी घरं. आणि त्यात अंगठ्याएवढे शिपाई. चष्मे लावलेली चांगली मोठी माणसं भोवती उभी राहून फासे टाकत होती, टेपनं अंतर मोजत होती आणि शिपाई पुढं सरकवत होती.

"लढाई हाये का काय हे?" कादर म्हणाला.

"लढाईचा खेळ. मी पण खेळते."

"तू? तुले तं झुरळाचं भ्याव वाटे."

"झुरळं नसतात चाचा त्यात," गार्गी हसली. मग तिनं सगळं समजावलं. पुण्यात त्यांचा क्लब आहे, दिवाळीनंतर मोठे सामने आहेत, बाहेरगावाहून लोक येणार. त्यासाठी असं एक रणांगण पाहिजे. थर्माकोल नाहीच, त्याच्यावर बंदी. घराच्या छतात ऊन उतरू नये म्हणून जो निळा फोम घालतात, त्याचे तक्ते ती पाठवणार. आणि टेबल लोकांना आवडलं तर बारा महिने काम. मुंबईचे, बंगळुरूचे लोक असली टेबलं परदेशातून मागवतात, इथं करून देणारं कुणी नाही.

बारा महिने काम. कादरला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

संध्याकाळी त्यानं शाहरुखला समोर बसवलं. "पंप ठेवून दे आता. तारेवर बस माह्यासंगं."

शाहरुख हसला, पण त्यानं मान हलवली. "रंगरावभाऊले जबान देली मी. अर्धं वावर राह्यलं. आन अब्बा, एका टेबलावर घर नाई चालत. तुमचं टेबल पुण्याले जाऊ द्या. त्याइले पसंत पडलं, पुढचं काम आलं, का त्याच दिवशी पंप खाली. अल्लाची शपथ."

"शपथ घेतली तू, बरं का."

"हाव म्हणतो ना."

झालं. आता कादरला कळत होतं काय करायचं ते. कुलूप उघडलं, तार ताणली, ट्रान्सफॉर्मर पुसला. निळे तक्ते आले. त्यानं पहिला काप घेतला आणि हातातलं काम थांबवून नुसता बघत राहिला. थर्माकोल कापलं की दाणे उडतात, केसात जातात, डाळीत सापडतात. या फोमाला दाणाच नाही. लोण्यातून सुरी जावी तशी तार गेली. "नूरजहां, इकडं ये," त्यानं हाक मारली, "हे पाय काय चीज हाये." नूरजहांनं हात लावून पाहिलं आणि म्हणाली, चांगलं आहे, पण लाइट कधी जाते ते सांगता येत नाही, आधी कापून घ्या.

त्यानं टेकड्या कापल्या. चांदीच्या कागदाचा गोळा करून तो फोमावर दाबला की दगडाची कातळ उठते, हे त्याला देखाव्यांच्या दिवसांपासून ठाऊक होतं. पेन्सिलीनं विटा आखल्या. नदीची वाळू चाळून आणली, चहाचा चोथा वाळवून गवत केलं, आणि जळक्या झाडांसाठी पऱ्हाटीची, म्हणजे वाळल्या कपाशीची, काटकं मोडून आणली. पऱ्हाटीची तेवढी काय कमी नव्हती गावात.

अडलं ते घरांपाशी. त्यानं गाव केलं ते सोनाळ्यासारखं, धाब्याची घरं, ओसरी, गोठा, विहिरीवर रहाट. फोटो पाठवला तर गार्गीचा फोन आला. "चाचा, फार सुंदर आहे. पण युद्ध होऊन गेलंय तिथं. घरं पडलेली पाहिजेत."

"पाडा लागते?"

"हो चाचा."

नूरजहां फोनवरचं ऐकत होती. "बांधाचं आन मंग पाडाचं? असा कसा खेळ हाये बापा मोठ्या लोकाइचा," ती म्हणाली. कादरनं सुरी हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. शेवटी डोळ्यांपुढं शाहरुखची पाठ आणली आणि एकेका घराचं छत फोडत गेला. भिंती अर्ध्यावर मोडल्या, दारं उपटली. लेकराच्या जिवासाठी माणूस खरी घरंही पाडेल, ही तर फोमाची होती.

त्या खोलीचा एक कायदा होता. ऑइलपेंट, थिनर, स्प्रेचा डबा उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. थर्माकोल काय आणि हा फोम काय, दोघांचा एकच वैरी, थिनर. एक थेंब पडला की फोम खड्डा करून आत बसतो, जाळ नाही, धूर नाही, नुसता विरघळतो. आधी फेविकॉलच्या पाण्याचा हात, मग भिंतीचा पाण्याचा रंग, हा कादरचा धडा. खामगावच्या एका मंडळात कुणी पेंटर थिनरचं डबडं घेऊन मखराजवळ आला तेव्हा कादरनं त्याला सगळ्यांसमोर हाकलून दिलं होतं. एरवी हा माणूस मुंगीलाही हाकलत नाही.

एक दिवस रंगरावकडं औषध आलं नव्हतं म्हणून शाहरुख घरी राहिला. कादरला ईद झाल्यागत वाटलं. त्यानं पुलाचा तुकडा त्याच्यासाठी राखूनच ठेवला होता. कमान कापायची ती शाहरुखनंच. पोरगं तारेपाशी बसलं, तुकडा दोन्ही हातांत धरला, आणि तार कमानीतून सरळ बाहेर निघून गेली. दुसरा तुकडा दिला. तोही गेला. शाहरुखची बोटं थरथरत होती. थोडी नाही, चांगली थरथरत होती, आणि ती थांबवायला तो कोपर मांडीवर दाबून बसला होता.

"तार लय तापली वाटते," शाहरुख म्हणाला.

"हाव," कादर म्हणाला. "व्होल्टेज जास्त हाये आज."

व्होल्टेज कमीच होतं. पोरगं उठून गेल्यावर कादरनं पूल स्वतः कापला आणि कापताना त्याला रडू आलं. तारेवर थेंब पडून चर्र झालं. त्या दिवसापासून तो जेवायलाही खोलीतून उठेना. नूरजहां ताट तिथंच आणून ठेवायची आणि त्यात फोमाचा चुरा पडायचा.

अखेर रण तयार झालं. पद्मजाबाईंकडची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला निघणार होती आणि आधी सोनाळ्याला येऊन टेबल घेऊन जाणार होती. आता राहिला होता रंग, आणि त्याच्या आधी एकच हात. वाळू, चोथा, विटांचा चुरा जागच्या जागी घट्ट बसावा म्हणून साऱ्या टेबलावर फेविकॉलचं पातळ पाणी शिंपडायचं. ब्रशनं केलं तर वाळू ब्रशला चिकटून येते. त्यासाठी कादरकडं न्हाव्याची असते तशी फुसफुशी बाटली होती. तिचं तोंड फेविकॉलनं बुजलं. सुई घालून पाहिली, गरम पाण्यात टाकून पाहिली, शेवटी दट्ट्याच मोडला. सोनाळ्याच्या बाजारात तसली दुसरी मिळाली नाही. आणि सकाळी गाडी.

दुपारी शाहरुख जेवायला घरी आला तेव्हा बाप टेबलापुढं कपाळाला हात लावून बसला होता.

"काय झालं?"

कादरनं मोडकी बाटली दाखवली.

शाहरुखनं बाटलीकडं पाहिलं, मग दाराशी ठेवलेल्या पंपाकडं पाहिलं. "अब्बा, यापेक्षा बारीक फवारा कशाचा राहीन?"

आता कुणी म्हणेल, कादरला तेव्हाच कळायला हवं होतं. कसं कळणार? सोनाळ्यात फवारायचं म्हटलं की पंप, दुसरं काय असतं? चुन्याचं पाणी भिंतीला मारायचं तर पंप, गोठ्यात माश्यांचं औषध तर पंप, लग्नाच्या मांडवात गुलाबपाणी शिंपडायलाही लोकांनी धुतलेला पंप नेलेला आहे. कादरला भीती वाटली ती फक्त मळाची.

"चांगला धु बरं," तो म्हणाला. "पांढऱ्या रेतीवर डाग नाई पडाले पायजे."

शाहरुखनं हापशावर पंप धुतला. पावडर टाकून धुतला, नळीतून पाणी काढलं, पुन्हा पावडर टाकली, पुन्हा काढलं. पाणी स्वच्छ यायला लागलं. फेविकॉलचं पाणी गाळून भरलं. मग त्यानं पंप पाठीवर घेतला आणि टेबलाभोवती फिरत फवारा सोडला.

काय सांगावं, इतका सुरेख फवारा. धुकं उतरावं तसं पाणी टेकड्यांवर उतरलं. वाळूचा एक कण हलला नाही. आणि पोराचा हात अजिबात थरथरत नव्हता. तारेवर थरथरणारा हात नळीवर मात्र ठाम होता, दोन-अडीच महिन्यांच्या सवयीनं. कादर कौतुकानं बघत होता. "वा बेटा," म्हणाला. खूप दिवसांनी त्याच्या तोंडून असा शब्द निघाला. कोंबड्या आत येऊ नयेत, धूळ बसू नये म्हणून दोघांनी दार लावून घेतलं, खिडकी लावून घेतली आणि जेवायला बसले. नूरजहांनं भाकरीवर तेल-तिखट घातलं. शाहरुखनं अख्खी भाकरी खाल्ली, आणि आईनं ते नवऱ्याला डोळ्यांनी दाखवलं.

दुपार कलल्यावर असरची नमाज पढून कादर आला आणि रंग द्यायला म्हणून त्यानं दार उघडलं.

आधी वास आला. मग त्यानं टेबल पाहिलं.

टेकड्या खचल्या होत्या. मोठ्या टेकडीच्या अंगावर देवी आल्यासारखे खड्डेच खड्डे, आणि त्यांत वाळू ओघळून बसलेली. पुलाची कमान मधोमध खाली वाकली होती. घरांच्या ज्या भिंती त्यानं मोडल्या नव्हत्या त्या एकमेकींवर कलल्या होत्या. फोमाचा अजून बारीक बारीक चुरचुर आवाज येत होता, जवळ कान नेला तर कळावा एवढा. कादरनं टेकडीवर बोट टेकलं. बोट आत गेलं. वर उचललं तर बोटाबरोबर चिकट तार निघाली.

ही तार त्याला पोरवयापासून ओळखीची होती. त्यानं बोट नाकाशी नेलं. थिनर. शंभर टक्के थिनरच, त्यावर औषधाची दुसरी घाण, पण खाली थिनर. म्हणजे औषधवाले बाटलीत औषध विरघळवतात ते थिनरमध्येच. हाच वास शाहरुखच्या अंगाला रोज येत होता, सदऱ्याला, उशीला, ताकाच्या पेल्याला. रोज घरात येत होता आणि कादरनं तो औषधाचा वास म्हणून सोडून दिला होता. ज्यानं पेंटरला मांडवातून हाकललं, त्याच्या नाकाला हा वास कळला नाही. एवढा धुतलेला पंप. त्यात राहून राहून काय राहिलं असेल, आणि तेवढ्यानं डोंगर खाल्ला.

"अब्बा?" शाहरुख मागं येऊन उभा होता. त्याचं तोंड पांढरं पडलं. "म्या धुतला होता. आईची शपथ, धुतला होता."

"मले मालूम हाये," कादर म्हणाला.

"लढाईचंच तं हाये," शाहरुख घाईघाईनं म्हणाला. "बॉम्ब पडले म्हणून सांगू. खड्डे तं पडतेतच ना लढाईत. लावा फोन गार्गीताईले, दाखवा."

कादरला ते खरं वाटावंसं वाटलं. त्यानं फोन लावला आणि मोबाइल टेबलावर फिरवला. गार्गीनं तो पुन्हा एकदा, हळू फिरवायला सांगितला.

"चाचा, शिपाई उभे नाही राहणार यावर," ती शेवटी म्हणाली. "सपाट जागा लागते त्यांना. आणि हे अजून खचतंय ना? सामन्यांपर्यंत टिकायचं नाही."

"मी नवीन करतो. आज बसतो. गाडी दोन दिवस थांबीन का?"

"चाचा, सामने परवाच आहेत. मी... मी क्लबमध्ये सांगते, पुढच्या वर्षी पुन्हा विचार करा म्हणून. तुमची चूक नाही हो चाचा."

तिनं मनापासून सांगितलं होतं. ती पोरगी काही वाईट नव्हती. पण पुढचं वर्ष म्हणजे मधे एक अख्खा हंगाम होता, फुलांपासून बोंडांपर्यंत, आणि तो शाहरुखला पायी चालायचा होता.

कादरनं फोन ठेवला आणि पोराकडं वळला. "सदरा काढ."

"काऊन?"

"काढ म्हणतो ना."

शाहरुखनं सदरा काढला. पाठीवर जिथं टाकी टेकते आणि झाकणातून गळतं, तिथं कातडी गेली होती. तळहाताएवढी जागा ओली, गुलाबी, कडेनं पांढरे पापुद्रे, आणि मधे बारीक बारीक खड्डे. टेकडीवर होते तसेच. नूरजहां दारात आली होती. तिनं पदर तोंडात धरला आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"कव्हापासून हाये हे?" कादरनं विचारलं.

"खाजते थोडं. काई नाई होत."

"उद्यापासून जायचं नाई तू."

"अन् रंगरावभाऊ? त्याचं शेवटलं फवारणं राह्यलं. अळी वर चढून राह्यली, उद्या नाई मारलं तं बोंडं गेले त्याचे सारे. सारं गाव फवारून राह्यलं, त्याले दुसरा माणूस कोण भेटते?" शाहरुख सदरा घालू लागला. "शपथ टेबलाची होती अब्बा. टेबल गेलं नाई."

त्या पोराचं म्हणणं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच त्याचा राग आला. तो बाहेर गेला आणि हापशाजवळ पडलेला पंप त्यानं आपल्या खाटेखाली नेऊन ठेवला.

सकाळी शाहरुख उठायच्या आत तो पंप घेऊन रंगरावच्या वावरात पोचला. रंगराव बांधावर बादलीत औषध कालवत होता. कादरला बघून त्याचा हात थांबला.

"कादरभाई, तू? तुह्यानं होईन का बे हे? पोरगं कुठी हाये?"

"पोरगं नाई येत. मी मारतो. भर."

रंगरावनं त्याच्याकडं पाहिलं, मग वावराकडं पाहिलं. डोमकळ्या पार धुऱ्यापर्यंत दिसत होत्या. त्यानं टाकी भरली. कादरनं ती पाठीवर घेतली. वजनानं तो आधी मागंच गेला, मग सावरला. तोंडाला रुमाल बांधला आणि कपाशीत शिरला. दांडा मारायचा आणि नळी हलवायची, दोन्ही हातांचं एकाच वेळी त्याला जमेना. फवारा कधी पानावर, कधी पायावर. तासाच्या, कपाशीच्या एका ओळीच्या, मध्यापर्यंत त्याचे डोळे झोंबायला लागले आणि घशात तोच वास उतरला. बरं वाटलं त्याला. खरंच बरं वाटलं. आज हा वास दुसऱ्या कुणाच्या घशात नव्हता.

"अब्बा."

त्यानं वळून पाहिलं. शाहरुख होता. पाठीवर रंगरावच्या घरचा जुना पंप, झाकणाला फडकं गुंडाळलेलं. शेजारच्या तासात शिरत होता.

"घरी जाय," कादर ओरडला. रुमालामागून आवाज नीट निघाला नाही. "तुले नाई म्हटलं होतं म्या. घरी जाय."

"वाऱ्याच्या तोंडावर मारून राह्यले तुम्ही. सारं तुमच्याच अंगावर येऊन राह्यलं," शाहरुख म्हणाला. "या तासात या तुम्ही. मी तिकडच्या तासात जातो. दोघं मिळून मारू, दुपारलोक आटपते."

त्यानं बापाच्या खांद्याला धरून त्याला वारा येतो त्या बाजूच्या तासात उभं केलं आणि स्वतः पलीकडच्या तासात गेला. कादरला आधी कळलं नाही. त्यानं दांडा मारला, नळी उचलली, आणि फवारा निघाला तो कपाशीवरून तरंगत सरळ शाहरुखच्या अंगावर गेला. मानेवर, केसांत, सदऱ्याच्या पाठीवर. कादरचा हात जागच्या जागी थांबला.

"मारा ना अब्बा," शाहरुख पुढं बघत म्हणाला. "औषध पाण्यात राहून राहून खराब होते."

कादर थांबून राहिला. पोराला चार पावलं पुढं जाऊ द्यावं, मग आपण मारावं, म्हणजे त्याच्यावर जाणार नाही, असं त्यानं ठरवलं. पण शाहरुखनं मागं पाहिलं, बाप मागं राहिला असं दिसलं, दमला असेल म्हणून तो तिथंच उभा राहिला. कादर आणखी थांबला तर पोरगंही थांबलं. हातानं खुणावत होतं, या, या, घाई नाही. बांधावरून रंगराव विचारत होता, काय झालं. कादरनं डोळे मिटले आणि दांडा खाली दाबला.